पाइपचा जोड आणि मिगचा पंख

पाइपलाइनला लावतात ते सोल्युशन प्लास्टिकच्या मॉडेलला चालेल का?

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या मुलाच्या हातात विमानाचं मॉडेल-किट पडलं की हा प्रश्न पहिल्या तासाभरात निघतो, आणि तो अगदी रास्त आहे. खोक्यात पंख, शेपटी, चाकं असे सुटे भाग असतात, पण ते जोडायचं ‘सिमेंट’ बहुधा वेगळं घ्यावं लागतं. ते जवळच्या दुकानात मिळत नाही, आणि मोटरीच्या खोलीत सोल्युशनचा अर्धा डबा पडलेला असतो. ज्यांनी आधी एखादं मॉडेल जोडून पाहिलं आहे त्यांचा प्रश्न वेगळा असतो: सुपरग्लूनं पक्का चिकटलेला पंख टेबलावरून पडला की नेमका सांध्यातच का सुटतो? आणि सांध्याच्या कडेला तो पांढुरका डाग कसला?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी आहेत. ती समजून घ्यायला पुण्या-मुंबईच्या हॉबीच्या दुकानात जायला नको. डाळजच्या शिवारातून सुरुवात केली तरी पुरे.

१. डाळजच्या शिवारातला जोड

पुणे-सोलापूर महामार्गानं भिगवण मागे पडलं की पळसदेवच्या अलीकडे डाळज लागतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि या पट्ट्यात नदीचा जलाशय झाला. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं; उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर दिसू लागतं. गावांच्या जमिनी गेल्या. ज्या उरल्या त्यांना मात्र पाणी मिळालं, पण ते खाली काठाशी आणि शेत वर माळावर. म्हणून काठावर मोटर आणि तिथून शेतापर्यंत जमिनीत पुरलेली पीव्हीसीची पाइपलाइन. इथला ऊस अशा पाइपलाइनींवर उभा आहे.

पीव्हीसीचा पाइप साधारण सहा मीटर लांबीचा येतो. म्हणजे एक किलोमीटरच्या लाइनला सुमारे १६६ पाइप, आणि जवळपास तितकेच जोड. त्यातला एक जरी गळका निघाला तरी चर पुन्हा उकरावा लागतो. त्यामुळे जोड कसा करायचा याचं ज्ञान इथल्या फिटरच्या हातात मुरलेलं असतं. पाइप काटकोनात कापायचा. कड कानसून थोडी उतरती करायची. माती आणि ओल फडक्यानं पुसायची. सोल्युशन न लावता एकदा पाइप सॉकेटमध्ये घालून पाहायचा. मग दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा, पाइप आत ढकलताना थोडा पीळ द्यायचा, काही क्षण दाबून धरायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. मोटर दुसऱ्या दिवशी चालू करायची.

हा जोड किती ओढ सोसतो, ते पाहू. पाणी दहा मीटर उंच चढवायचं तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब लागतो. शेत काठापासून चाळीस मीटर उंचावर असेल तर लाइनच्या खालच्या टोकाला चार किलो. पाइप ९० मिलिमीटरचा धरला तर त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस सेंटीमीटर. तिथं एंड कॅप बसवली असेल, तर पाणी तिला ६४ गुणिले ४, म्हणजे अडीचशे किलोहून जास्त जोरानं बाहेर ढकलत असतं. कॅप पाइपवर सहा सेंटीमीटर आत शिरली आहे असं समजू. पाइपचा घेर सुमारे २८ सेंटीमीटर, म्हणून एकमेकांना चिकटलेला भाग भरतो १७० चौरस सेंटीमीटर. अडीचशे किलो एवढ्या क्षेत्रावर वाटले की दर चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला दीड किलो येतो. नीट केलेला जोड याच्या कितीतरी पट सोसतो. तो कापून पाहिला तर पाइप कुठं संपला आणि कॅप कुठं सुरू झाली ते सहजी सापडत नाही.

खरी गोष्ट इथंच आहे. सोल्युशननं पाइप आणि कॅप यांच्या मध्ये बसून दोघांना धरून ठेवलेलं नाही. त्यानं दोघांना एक केलं आहे.

२. चिकटवणं आणि एकजीव करणं

दोन वस्तू जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत मध्ये तिसरा पदार्थ येतो, दोन्ही पृष्ठभागांना पकडतो आणि वाळून घट्ट होतो. लाकडाला फेव्हिकॉल, फुटलेल्या कपाला सुपरग्लू, ही सगळी पहिली तऱ्हा. इथं जोडाची ताकद म्हणजे त्या मधल्या थराची आणि त्याच्या पकडीची ताकद. दुसऱ्या तऱ्हेत तिसरा पदार्थ येतो, आपलं काम करतो आणि उडून जातो. मागे उरतात फक्त त्या दोन वस्तू, एकमेकींत मिसळलेल्या. पाइपचा जोड या जातीचा आहे, आणि मॉडेलचा जोडही याच जातीचा असायला हवा.

हे घडतं कसं, ते कळायला प्लास्टिकच्या आत डोकवावं लागतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं, की रबरासारखे पदार्थ हजारो लहान दुव्यांच्या अतिशय लांब साखळ्यांचे बनलेले असतात. एवढा लांबलचक रेणू असूच शकत नाही, असं त्या काळच्या बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना वाटत होतं. श्टाउडिंगर मागे हटले नाहीत. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या साखळ्या डोळ्यांपुढे आणायच्या तर शेवया घ्या. कोरड्या शेवयांचे दोन गठ्ठे शेजारी ठेवून कितीही दाबले तरी ते दोनच राहतात. प्रत्येक शेवई आपल्या जागी कडक असते. आता दोघांवर गरम दूध थोडंसं शिंपडा. समोरासमोरच्या शेवया मऊ होतात, एकमेकींत शिरतात, गुंततात. मग ती ओल पूर्ण सुकू द्या. गठ्ठा एकच झालेला असेल आणि तो ओढून वेगळा करायचा तर शेवया तोडाव्या लागतील. प्लास्टिकच्या सांध्यात दुधाची जागा द्रावक घेतो. तो कडेच्या साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांना सैल करतो. या बाजूच्या साखळ्या त्या बाजूला सरकतात. मग द्रावक हवेत उडून जातो आणि गुंता तिथंच कडक होतो.

साखळी या गुंत्यातून वाट कशी काढते, याचं गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. चोहोबाजूंनी दाटी असते, त्यामुळे साखळीला आडवं सरकता येत नाही. ती आपल्याच लांबीच्या दिशेनं, टोकाकडून पुढे सरपटत जाते. म्हणूनच या कामाला वेळ लागतो, आणि फिटर दाबून धरतो त्या काही क्षणांना अर्थ असतो. द जेन यांनाही १९९१ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्यांच्या ज्या कामांसाठी ते मिळालं त्यांत लांब साखळ्यांचा हा अभ्यास होता.

३. संत्र्याची साल आणि मखर

द्रावक म्हणजे कोणी परकं रसायन, असं वाटत असेल तर एक सोपा प्रयोग करा. जुन्या थर्माकोलचा तुकडा घ्या. संत्र्याची ताजी साल त्यावर धरून दुमडा, म्हणजे सालीतल्या तेलाचे बारीक थेंब उडतील. थेंब पडले तिथं थर्माकोल खचून खळगे पडतात. सालीच्या तेलात लिमोनीन नावाचा द्रव असतो, तो थर्माकोल विरघळवतो. लिंबाच्या सालीनंही हे जमतं, रसानं नाही.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक, फुगवलेलं. त्यात सुमारे ९८ टक्के हवा असते, म्हणून तेलाचा एक थेंब एवढं भगदाड पाडतो. ज्यांनी घरी गणपतीचं थर्माकोलचं मखर केलं आहे त्यांना हे दुसऱ्या वाटेनं ठाऊक आहे. तीव्र वासाचा गोंद किंवा स्प्रेचा रंग लावला की नक्षीच वितळायची, म्हणून फेव्हिकॉल वापरायचा. फेव्हिकॉल पाण्यातला असतो आणि पाणी पॉलिस्टायरीनचं काही बिघडवत नाही. महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, ती पर्यावरणासाठी योग्यच होती. मखरं पुठ्ठ्याची आणि कापडाची झाली, पण कोणता गोंद काय वितळवतो याचं हे घरगुती ज्ञान विसरू नये.

कारण मॉडेल-किटचे भागही याच पॉलिस्टायरीनचे असतात, फक्त न फुगवलेले, घट्ट. १८३९ मध्ये बर्लिनमध्ये एडुआर्ट सिमोन यांना एका झाडाच्या डिंकातून हा पदार्थ प्रथम मिळाला. किटसाठी तो सोयीचा ठरला तो दोन गुणांमुळे: तापवून साच्यात दाबला की बारीकातली बारीक रेघ उमटते, आणि सौम्य द्रावकानं तो सहज एकजीव होतो. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीनं १९४९ मध्ये आपलं पहिलं मॉडेल केलं ते विमानाचं नव्हतं. ते फर्ग्युसन ट्रॅक्टरचं होतं, ट्रॅक्टर कंपनीच्या जाहिरातीसाठी. पुढे तेच सुट्या भागांत विकायला काढलं. कंपनीचं स्पिटफायर विमान आलं त्यानंतर.

४. तर मग पाइपचं सोल्युशन का नको?

तत्त्व एकच, मग डबा का बदलायचा? तीन कारणं आहेत.

सोल्युशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन, सायक्लोहेक्झॅनोन असे जोरकस द्रावक असतात. पीव्हीसी सहजी विरघळत नाही, तिला तेवढा जोर लागतो. पाइपची भिंत काही मिलिमीटर जाड असते, तिला ते सोसतं. मॉडेलचा भाग जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि पॉलिस्टायरीन मुळातच हळवं. तिथं हा द्राव कड सैल करून थांबत नाही, पंखाची रेघन् रेघ घालवतो.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. सोल्युशन घट्ट, मधासारखं वाहतं, कारण त्यात पीव्हीसीच विरघळवलेली असते. पाइप आणि सॉकेट यांच्यामधली बारीक फट भरायला ती हवीच. पण पीव्हीसीच्या साखळ्या आणि पॉलिस्टायरीनच्या साखळ्या एकमेकींत मिसळत नाहीत. द्रावक उडाला की सांध्यात पीव्हीसीची वेगळी साय उरते आणि आपण पुन्हा पहिल्या तऱ्हेवर येतो, मध्ये तिसरा पदार्थ.

तिसरं कारण वेगाचं. टेट्राहायड्रोफ्युरान ६६ अंशांना उकळतं, लगेच उडतं. सायक्लोहेक्झॅनोन १५५ अंशांच्या आसपास, ते रेंगाळतं. दोन्ही मिसळून फिटरला हवा तो वेळ साधलेला असतो. मे महिन्यात तो हे काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करतो तेही यासाठीच; नाहीतर पाइप आत जाण्याआधीच थर सुकतो. मॉडेलच्या सिमेंटातही असंच गणित असतं, पण वेगळं. जपानच्या तामिया कंपनीचं पातळ सिमेंट म्हणजे ॲसिटोन आणि ब्यूटिल ॲसिटेट यांचं मिश्रण. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, ब्यूटिल ॲसिटेट १२६ अंशांना. एक झटकन पकड देतो, दुसरा साखळ्यांना मिसळायला सवड देतो. त्याच कंपनीचं लिमोनीनचं सिमेंटही मिळतं, संत्र्याच्या वासाचं. खोलीत तीव्र वास नको असेल तर ते बरं. आणि कोणी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवला तर घेऊ नका. त्यात बरेचदा पाणी, तेल, रंग असतं. ते सांध्यात राहतं.

याच शेतात याच धड्याची उलटी बाजूही आहे. मुख्य लाइन सोल्युशननं जोडणारा फिटर ठिबकच्या काळ्या नळीला सोल्युशन कधीच लावत नाही. तिथं ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, नुसती यांत्रिक पकड. ती नळी पॉलिइथिलीनची असते. त्याच्या साखळ्या इतक्या नीटस, दाट बसलेल्या असतात की साध्या तापमानाला नेहमीचा कोणताही द्रावक त्यांच्यात शिरू शकत नाही. एचडीपीईचे मोठे पाइप जोडतात तेही टोकं तापत्या तव्यावर मऊ करून, एकमेकांवर दाबून; साखळ्या सैल करायचं काम तिथं उष्णता करते. मॉडेलच्या खोक्यातही असे भाग निघतात: जुन्या रणगाड्यांचे मऊ पट्टे, काही किटमधल्या रबरासारख्या टोप्या. त्यांच्यावर सिमेंट वाया घालवू नये.

५. एक मिलिमीटर म्हणजे किती?

आता खुद्द मॉडेलकडे येऊ. उदाहरणाला मिग-२१ घेऊ. हे विमान नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडलं. भारतीय हवाई दलातून ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. मराठी घरांत जितक्या लोकांनी ते ओझरच्या धावपट्टीवरून उडताना पाहिलं असेल, तितकं दुसरं लढाऊ विमान क्वचितच पाहिलं असेल. त्याची किटं अनेक कंपन्यांनी काढली आहेत आणि सर्वांत रुळलेलं प्रमाण आहे १ : ७२, म्हणजे सहा फूट उंच माणूस एक इंचाचा.

मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला ७२ नं भागलं की दहा सेंटीमीटरला थोडा कमी. आता उलट गणित करा. सांध्यातून ओघळून वाळलेला सिमेंटाचा एक मिलिमीटरचा थेंब खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटरचा होतो, सात सेंटीमीटरचं टेंगूळ. नखाला जेमतेम जाणवणारी ०.२ मिलिमीटरची फट तिथं दीड सेंटीमीटरची भेग होते. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या विमानाच्या पाठीवर दीड सेंटीमीटरची भेग! मॉडेल खोटं दिसतं ते रंगामुळे कमी आणि अशा सांध्यांमुळे जास्त. म्हणून मला वाटतं, नवशिक्यानं महागड्या रंगांवर पैसे घालण्याआधी सांध्यांवर वेळ घालावा.

मिगचं धड किटमध्ये डावं आणि उजवं अशा दोन अर्ध्या नळ्यांत येतं. सांधा नाकापासून शेपटीपर्यंत, वर आणि खाली, प्रत्येकी सुमारे वीस सेंटीमीटर. कडेची रुंदी मात्र एक मिलिमीटर. पाइपच्या जोडाला १७० चौरस सेंटीमीटर मिळाले होते. इथं वरच्या सांध्याला दोन चौरस सेंटीमीटर मिळतात. एवढ्या अरुंद जागेत मधल्या थराच्या पकडीवर विसंबता येत नाही. सुपरग्लूचा पंख पडल्यावर का सुटतो याचं उत्तर हेच आहे: तो थर सरळ ओढ बरी सोसतो, पण ठिसूळ असतो, धक्का बसला की चिरतो. एकजीव झालेला सांधा धक्क्यानं भाग वाकेल तसा वाकतो.

६. सिमेंटाची बाटली उघडण्याआधी

निम्मं काम इथं होतं आणि इथंच बहुतेकांची घाई असते.

भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. ते ओढून किंवा पिळून तोडू नका. देठाबरोबर पंखाचा लचका निघतो. साध्या कटरनं देठ आधी थोडा लांबून कापा, मग उरलेलं खुंट भागाच्या अंगासरशी. बाकी राहील ते बारीक पॉलिश पेपरनं घासा. कडेला पापुद्रा निघालेला असेल, साचा नीट न मिटल्यानं तो येतो, तर धारदार पातं आडवं धरून खरवडा.

भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाच्या चार थेंबांनी धुऊन वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट अंश आणि आपल्या बोटांचं तेल त्यानं जातं. सांध्याच्या कडेवर रंग लागला असेल तर तो खरवडलाच पाहिजे. रंगाच्या थरावर सिमेंट लावलं तर रंग रंगाशी जुळतो, प्लास्टिक प्लास्टिकला भेटतच नाही.

मग सिमेंटाशिवाय जोडून पाहा. दोन्ही अर्धं धड एकत्र धरा, उजेडासमोर फिरवा. जिथून उजेड दिसतो तिथं साखळ्या पोहोचणार नाहीत. कुठं एखादी खुंटी लांब असते, कुठं कड उंच. ती घासून पुन्हा पाहा. मिगच्या नाकातला शंकू धडाचे दोन भाग मिटण्याआधी आत बसवायचा असतो, पंखांच्या मुळाशी फट राहण्याची शक्यता असते. या गोष्टी कोरडं जोडतानाच कळतात. पातळ सिमेंट फट भरत नाही. त्यात भरायला काही नसतंच.

७. फटीत धावणारा द्राव

सिमेंट दोन प्रकारचं मिळतं. जाड सिमेंटात थोडं पॉलिस्टायरीन विरघळवलेलं असतं; ते कडेला लावायचं, मग भाग मिटायचे. पातळ सिमेंट उलट लावतात: आधी भाग मिटून धरायचे आणि मग बाटलीच्या झाकणातल्या कुंचल्याचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. द्राव आपणहून रेघेनं पुढे धावतो. डोळ्यांदेखत दोन-तीन सेंटीमीटर ओली रेघ उमटते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार आनंद होतो.

तो धावतो ते केशाकर्षणानं. द्रवाच्या कणांना प्लास्टिकची ओढ असते आणि अरुंद फटीत दोन्ही बाजू इतक्या जवळ असतात की ही ओढ त्याला आत खेचून नेते. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, त्यामुळे द्राव उताराची फिकीर न करता वरच्या दिशेनंही जातो. कोरडं जोडून पाहण्याचे कष्ट इथं फळतात. सांधा घट्ट असेल तर थोडाच द्राव पुरतो आणि बाहेर काही सांडत नाही.

पण केशाकर्षणाला सांधा कोणता आणि तुमचं बोट कोणतं हे कळत नाही. बोट सांध्यावर टेकलेलं असेल तर द्राव बोटाखालच्या फटीतही घुसतो, तिथलं प्लास्टिक मऊ करतो आणि बोटाचा ठसा विमानावर कायमचा राहतो. म्हणून भाग धरायचा तो सांध्यापासून दूर. मास्किंग टेपचे तुकडेही सांध्यावरून आडवे गेलेले असतील तर त्यांच्या जागा सोडून सिमेंट लावा, ते सुकल्यावर टेप काढा आणि मग राहिलेल्या जागा भरा. ठसा पडलाच तर पुसू नका. मऊ प्लास्टिक पुसलं की फासलं जातं. पूर्ण कडक होऊ द्या, मग घासा.

धडाच्या लांब सांध्याला मी असा क्रम सुचवेन: शेपटीकडून सुरुवात, एकेक दोन-तीन सेंटीमीटर, प्रत्येक टप्प्याला द्राव दिल्यावर क्षणभर थांबून दोन्ही भाग हलकेच आत दाबायचे. नीट मऊ झालेलं प्लास्टिक सांध्यातून केसाएवढ्या कडेच्या रूपात वर येतं. ते पाहून घाबरू नका, ती कड हवीच आहे. आतल्या साखळ्या भेटल्याची ती खूण, आणि उरलीसुरली बारीक फटही तिनंच भरली. दाब मात्र बेताचा ठेवा. कपड्यांचा चिमटा किंवा रबर बँड पुरतो.

जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती नव्हे. फिटरलाही हे माहीत असतं: सॉकेटच्या आत साचलेलं सोल्युशन पाइपची भिंत मऊ करून कमकुवत करतं. मॉडेलमध्ये पोकळ धडाच्या आत सांडलेला द्राव बाहेर दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या जागी भिंत आत खचलेली सापडते.

हे सगळं खिडकी उघडी ठेवून, जवळ ज्योत, उदबत्ती, विडी काही नसताना. या द्रावांची वाफ पेट घेते आणि कोंडलेल्या खोलीत डोकं दुखवते. लहान मुलं काम करत असतील तर शेजारी मोठं माणूस हवं, आणि बाटली वापर झाल्याबरोबर बंद.

८. थांबण्याचं शास्त्र

भाग काही मिनिटांत हातात धरता येतो, म्हणून सांधा झाला असं वाटतं. झालेला नसतो. वरचा द्रावक उडून गेलेला असतो, आतला अजून प्लास्टिकमध्ये असतो आणि त्याला बाहेर यायची वाट अरुंद असते. पाइपलाइनला पाणी सोडण्याआधी जे चोवीस तास सांगतात तेच इथंही पाळावेत. जाड सिमेंट वापरलं असेल तर आणखी.

घाईची शिक्षा विचित्र असते. त्याच संध्याकाळी वर आलेली कड घासून सपाट केली, हात फिरवला, गुळगुळीत लागलं, रंग दिला. आणि आठवड्यानं पाठीवर सांध्याची खोलगट रेघ पुन्हा उमटते. कारण घासलं तेव्हा तिथलं प्लास्टिक द्रावकानं फुगलेलं होतं. द्रावक निघून गेला तसं ते आकसलं आणि सपाट केलेली जागा खाली बसली. आधी आकसू द्यायचं, मग घासायचं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, चारशे नंबरपासून चढत हजारापर्यंत, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात फिरता ठेवून, म्हणजे गोल पाठीवर सपाट पट्टा पडणार नाही. मिगची पाठ गोल आहे, हे घासताना विसरलं जातं.

९. जिथं वितळवायचं नसतं

वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच हीसुद्धा पॉलिस्टायरीनच. पण तिथं द्रावक नेला की काच कडेनं धुरकट होते, कधी बारीक तडे जातात. इथं सुपरग्लूही नको. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा त्यांच्या हाती हे रसायन आलं आणि प्रत्येक गोष्टीला चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. गोंद म्हणून ते १९५८ मध्ये विकायला आलं. ते हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं कडक होतं. त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि तीही कडक होऊन पांढरी दिसते. सुरुवातीला विचारलेला पांढुरका डाग तो हाच. पोलीस प्रयोगशाळेत याच वाफेनं वस्तूवरचे बोटांचे ठसे उमटवतात, कारण ठशातल्या ओल्या अंशावर ती आधी बसते. आपल्या मिगच्या काचेवर तपासनीस बोलावायचा नसेल तर सुपरग्लू तिथून दूर ठेवलेला बरा.

काचेला उत्तम म्हणजे फेव्हिकॉल, १९५९ पासून घराघरात असलेला. टाचणीच्या टोकानं कडेला बारीक रेघ, काच बसवायची, बाहेर आलेला ओल्या कापडानं पुसायचा. वाळला की पारदर्शक. इथं सांधा एकजीव होत नाही, पण काचेवर ओढ पडतच नाही, म्हणून चालतं. सुपरग्लूचं खरं काम धातूचे भाग प्लास्टिकला जोडायचं. पितळेच्या नळीत साखळ्याच नाहीत, तिथं द्रावक काय सैल करणार?

पहिलं किट उघडल्यावर विमानाला हात लावण्याआधी हे करून पाहा. रिकाम्या चौकटीचे दोन तुकडे कापा, टोकं सपाट घासा, टोकाला टोक लावून पातळ सिमेंटाचा एक स्पर्श द्या, थोडं दाबा आणि उद्यापर्यंत ठेवून द्या. उद्या दोन्ही हातांनी वाकवून मोडा. मोड सांध्यातून गेला आणि दोन्ही टोकं चकचकीत, सपाट निघाली तर टोकं भेटली नव्हती. पुन्हा घासा, थोडा जास्त वेळ दाबा. मोड सांध्याच्या शेजारून, खडबडीत गेला तर धडाचे दोन भाग हातात घ्यायला हरकत नाही.